होमाई व्यारावाला : भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार



स्वातंत्र्याचा पाठ शिकवताना आपण मुलांना जुने काळे-पांढरे फोटो दाखवतो. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा, कबुतर उडवणारे पंडित नेहरू. फोटोत कोण आहे, कुठला प्रसंग आहे, कोणतं साल आहे, हे प्रश्न आपण हमखास विचारतो. पण हा फोटो काढला कोणी, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? खरं सांगायचं तर फारच थोडे. फोटो जणू आपोआप तयार झाला असं मुलांना वाटतं, आणि आपणही ते दुरुस्त करत नाही.

त्या काळातले कितीतरी फोटो एका बाईने काढले आहेत. साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून फिरणारी ही बाई आपल्या मुंबईत शिकली आणि मुंबईच्याच वर्तमानपत्रात तिचा पहिला फोटो छापून आला. त्यांचं नाव होमाई व्यारावाला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. आजचा लेख त्यांच्या जीवनावर आहे. वर्गात सांगायला तर उपयोगी आहेच, पण घरी मुलांच्या हातात मोबाईलचा कॅमेरा असलेल्या प्रत्येक पालकानेही तो वाचावा असं मला वाटतं.

जन्म आणि बालपण

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील दोसाभाई हाथीराम हे उर्दू-पारशी रंगभूमीवरचे नट. नाटक कंपनी म्हटली की फिरणं आलंच. आज या गावी, उद्या त्या गावी. त्यामुळे होमाईंचं लहानपण एका जागी गेलं नाही. पुढे कुटुंब मुंबईत आलं.

पैसा जेमतेम होता. पण मुलीने शिकायचं, हे घरात ठरलेलं होतं. त्या ग्रँट रोडच्या शाळेत शिकल्या. तो काळ लक्षात घ्या. मॅट्रिकपर्यंत पोचणाऱ्या मुली बोटावर मोजण्याइतक्या. शाळेत येणाऱ्या मुलीच कमी, आणि त्यातल्या बऱ्याचशा मधेच शाळा सोडून जायच्या. होमाई मात्र मॅट्रिक झाल्या, धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या, अर्थशास्त्र शिकल्या आणि नंतर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या. तिथे त्यांनी कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम केला. म्हणजे बघा, या बाई आपल्याच व्यवसायात यायच्या होत्या!

जे. जे. मध्ये चित्राची मांडणी, उजेड आणि सावली, रिकाम्या जागेचं महत्त्व हे सगळं त्या शिकल्या. फोटोग्राफीचं वेगळं शिक्षण त्यांनी कुठल्या शाळेत घेतलं नाही. पण त्यांचा कोणताही फोटो नीट पाहिलात तर चित्रकाराची नजर लगेच कळते.

कॅमेरा हातात कसा आला?

१९२६ साली होमाई तेरा वर्षांच्या असताना त्यांची माणेकशा व्यारावाला या तरुणाशी ओळख झाली. माणेकशांना फोटोग्राफीचं वेड. ते टाइम्स ऑफ इंडियात नोकरीला होते. होमाईंना कॅमेरा धरायला, फिल्म धुवायला आणि प्रिंट काढायला शिकवलं ते त्यांनीच. पुढे १९४१ साली दोघांचं लग्न झालं.

सुरुवातीला होमाईंनी फोटो काढले ते आपल्या आजूबाजूचे. जे. जे. मधल्या मैत्रिणी, सहलीला गेलेल्या मुली, मुंबईचे रस्ते, रोजचं जीवन. वर्गमैत्रीण रेहाना मोगल हिचे त्यांनी अनेक फोटो काढले. १९३० च्या दशकातली शिकणारी, मोकळेपणाने हिंडणारी मुंबईची तरुण मुलगी कशी दिसायची, हे आज आपल्याला त्या फोटोंमधून कळतं.

१९३८ च्या सुमारास महिलांच्या एका क्लबच्या सहलीचे फोटो काढायचं काम त्यांना मिळालं. ते फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल' मध्ये छापून आले. फिरोजशहा मेहतांनी सुरू केलेलं हे मुंबईचं इंग्रजी दैनिक राष्ट्रीय चळवळीची बाजू घेणारं म्हणून प्रसिद्ध होतं. एका फोटोला मोबदला मिळाला १ रुपया! पण वर्तमानपत्रासाठी काम करण्याची सुरुवात झाली. नंतर टाइम्सच्या छापखान्यातून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली' मध्येही त्यांचे फोटो येऊ लागले.

आता इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. सुरुवातीचे त्यांचे बरेच फोटो माणेकशांच्या नावाने छापले गेले. बाईने काढलेला फोटो, तोही कोणी नाव न ऐकलेल्या बाईने, अशी त्या वेळची समजूत. काम तिचं, नाव नवऱ्याचं. नवऱ्याने नाव लाटलं असा हा प्रकार नव्हता बरं का. उलट पुढे होमाई बाहेर फिरून फोटो काढत आणि माणेकशा घरच्या डार्करूममध्ये बसून ते धुवून, छापून देत. नवराबायकोने कामाची अशी वाटणी करणं त्या काळात किती वेगळं असेल, कल्पना करा.

त्या वेळचा कॅमेरा

आज मुलं एका मिनिटात पन्नास फोटो काढतात आणि एकोणपन्नास पुसून टाकतात. होमाईंचं काम कसं चालायचं हे समजल्याशिवाय त्यांची थोरवी मुलांना कळणार नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

त्यांच्याकडे रोलिफ्लेक्स नावाचा कॅमेरा होता. तो डोळ्याला लावायचा नसतो. छातीशी किंवा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो. बारावा झाला की रोल काढायचा, नवा घालायचा. तेवढ्यात समोरचा प्रसंग संपला तर संपला. दुसरा स्पीड ग्राफिक नावाचा मोठा कॅमेरा. त्यात प्रत्येक फोटोला फिल्मचा वेगळा तुकडा लागायचा आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की बाद. पुढच्या फोटोसाठी नवा बल्ब लावायचा.

म्हणजे बटण दाबण्याआधी सगळा विचार झालेला असला पाहिजे. उभं कुठे राहायचं, उजेड कुठून येतोय, नेता कोणत्या क्षणी मान वळवेल, मागे कोण दिसेल. फोटो चांगला आलाय की नाही हेही लगेच कळायची सोय नाही. ते कळणार घरी जाऊन, अंधाऱ्या खोलीत.

हे सगळं सामान खांद्याला लटकवून, साडी नेसून, होमाई दिल्लीच्या रस्त्यांवर सायकलने फिरत असत.

मुंबईहून दिल्लीला

१९४२ साली व्यारावाला दांपत्य दिल्लीला गेलं. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात दोघांनाही नोकरी मिळाली होती. नोकरी सांभाळून बाहेरची कामं करण्याची मुभा होती. त्यामुळे देशाच्या राजकारणातला सगळ्यात धामधुमीचा काळ त्यांना अगदी जवळून पाहता आला.

पत्रकार परिषदेला, सभेला, विमानतळावर जाणारे बाकी सगळे छायाचित्रकार पुरुष. त्यांच्यात या एकट्या. सहकारी त्यांना 'मम्मी' म्हणू लागले. बाई कॅमेरा घेऊन आली आहे म्हणजे हौसेने आली असेल, असं समजून पुष्कळ लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करत. होमाईंनी याचा राग धरला नाही, फायदा करून घेतला. ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही त्यांना हवं तिथे जाता येतं आणि माणसं त्यांच्यासमोर सावरून बसत नाहीत. त्यांच्या फोटोतले नेते इतके सहज दिसतात त्याचं एक कारण हे असावं.

मोहम्मद अली जिना पाकिस्तानात जाण्यापूर्वी दिल्लीत पत्रकारांना भेटले तेव्हाचा प्रसंग त्यांनी नंतर सांगितला आहे. गर्दीत पुढचं काही दिसेना म्हणून त्या खोक्यावर चढल्या आणि तोल जाऊन पडल्या. जिनांनीच त्यांना लागलं का म्हणून विचारलं. असे प्रसंग सांगताना त्या हसत असत. त्यात तक्रार नसे.

डोळ्यांसमोर घडलेला इतिहास

जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या सभेत हात वर करून मतदान झालं. त्या उंचावलेल्या हातांचा फोटो होमाईंचा. देशाचे दोन तुकडे होण्याचा निर्णय म्हणजे नेमकं काय, हे दहा पानं वाचून जेवढं कळत नाही तेवढं तो फोटो पाहून कळतं.

लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी तिरंगा फडकवला तेव्हाही त्या तिथे होत्या. इथे एक बारीक मुद्दा आहे, तो परीक्षेपेक्षा समजुतीसाठी लक्षात ठेवा. स्वतंत्र भारतात नेहरूंनी लाल किल्ल्यावर पहिल्यांदा झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, १५ ऑगस्टला नव्हे. अशा वेळी फोटोवरची तारीख किती मोलाची असते बघा.

३० जानेवारी १९४८. त्या संध्याकाळी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना परत बोलावलं, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून जाऊ म्हणून. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. तो क्षण आपल्या कॅमेऱ्यात आला नाही, याची चुटपुट त्यांना आयुष्यभर राहिली. त्यानंतर गांधीजींच्या अंत्यविधीचे फोटो मात्र त्यांनी काढले, आणि आज ते त्या दिवसांची साक्ष देतात.

जून १९४८ मध्ये माउंटबॅटन भारत सोडून गेले, तो निरोप त्यांनी टिपला. २६ जानेवारी १९५० चा पहिला प्रजासत्ताक दिन टिपला. १९५६ मध्ये दलाई लामा नथू ला खिंडीतून पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा 'टाइम-लाइफ' साठी होमाई कॅमेरा पाठीवर टाकून सिक्कीमला पोचल्या. एका जागी बसून काम करणारी बाई ती नव्हेच. हो ची मिन्ह, मार्टिन ल्यूथर किंग, राणी एलिझाबेथ, जॅकलिन केनेडी असे जगभरचे पाहुणे दिल्लीत आले आणि होमाईंच्या कॅमेऱ्यासमोरून गेले.

पण त्यांच्या सगळ्यात आवडत्या व्यक्ती होत्या पंडित नेहरू. कबुतर सोडतानाचा नेहरूंचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. बहीण विजयालक्ष्मी पंडित यांना विमानतळावर मिठी मारणारे नेहरूही त्यांनीच टिपले. आणखी एक फोटो मोठा गमतीदार आहे. विमानतळावर छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे आणि नेमके तिच्याच बाजूला पंतप्रधान नेहरू उभे आहेत! हा फोटो वर्गात दाखवा, मुलं आधी हसतील आणि मग स्वतःहून प्रश्न विचारतील.

'डालडा १३' हे नाव कुठून आलं?

होमाईंचे काही फोटो 'डालडा १३' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. डालडा म्हटलं की आपल्याला वनस्पती तुपाचा पिवळा डबा आठवतो. पण याचा तुपाशी काही संबंध नाही. त्यांचा जन्म १९१३ चा, नवऱ्याशी ओळख झाली तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर निघाला डी. एल. डी. १३. बाकीचे लोक १३ हा आकडा अशुभ मानतात. यांनी त्याचंच नाव केलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या तासाला हे उदाहरण छान चालेल.

कॅमेरा खाली ठेवला

१९६९ मध्ये माणेकशा गेले. त्यानंतर वर्षभरातच, १९७० साली, होमाईंनी फोटोग्राफी सोडली. वय ५७ च्या आसपास. हातपाय धड, नजर चांगली, नाव झालेलं. मग सोडली का?

पतीचं जाणं हे तर होतंच. पण त्यांनी स्वतः दिलेलं कारण वेगळं होतं. त्यांच्या पिढीच्या छायाचित्रकारांचे काही अलिखित नियम होते. समारंभाला नीटनेटके कपडे घालून जायचं. धक्काबुक्की करायची नाही. समोरच्या माणसाचा मान ठेवायचा. तो जेवत असताना, अवघडलेला असताना, त्याची फजिती होईल असा फोटो काढायचा नाही. नव्याने आलेल्या मंडळींचं वागणं त्यांना पटेना. चटकन पैसे मिळवायचे, मग समोरच्याचं काहीही होवो, ही वृत्ती वाढली असं त्यांना वाटलं. अशा घोळक्यात उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. पुढची चाळीस वर्षं त्यांनी फोटो काढला नाही.

तुम्हाला हा निर्णय टोकाचा वाटेल. नवी पिढी बदलायला त्या तिथे थांबायला हव्या होत्या, असंही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. त्या गेल्यामुळे पुढची कित्येक वर्षं एका जाणत्या नजरेला मुकली. पण फोटो काढता येतो म्हणून काढलाच पाहिजे असं नाही, हे ज्या बाईने पाळलं तिने स्वतःसाठीही तोच नियम लावला, एवढं नक्की.

नंतरची वर्षे

मुलगा फारूक राजस्थानात पिलानीच्या बिट्स संस्थेत शिकवत होता. होमाई काही काळ त्याच्याकडे राहिल्या. पुढे दोघं वडोदऱ्याला आले. १९८९ मध्ये फारूक कर्करोगाने गेला. त्यानंतर होमाई एकट्याच राहिल्या.

एकट्या, पण कोणावर अवलंबून नाही. बाग स्वतः करायच्या, सुतारकाम करायच्या, नळ दुरुस्त करायच्या, जुनी गाडी स्वतः चालवायच्या. शेजारपाजारच्या बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं की या आजींनी नेहरूंचे आणि गांधीजींचे फोटो काढले आहेत.

मग हळूहळू देशाला त्यांची आठवण झाली. सबीना गडीहोक यांनी महिला छायाचित्रकारांवरच्या १९९८ च्या माहितीपटात त्यांना स्थान दिलं आणि २००६ मध्ये त्यांच्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. होमाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ९ डिसेंबर २०१७ ला, त्यांच्या १०४ व्या जयंतीला, गुगलने त्यांचं चित्र मुखपृष्ठावर लावलं. ते चित्र काढलं होतं मुंबईचे चित्रकार समीर कुलावूर यांनी.

हिशोब करून बघा. काम संपलं १९७० ला आणि मोठा सन्मान मिळाला २०११ ला. मधे ४१ वर्षं गेली. त्या काळात त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, नाव फार थोड्यांनी वाचलं.

वर्गासाठी आणि घरासाठी उपक्रम

१. पाठ्यपुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला एक फोटो घ्या. मुलांना तीन प्रश्न विचारा : फोटो काढणारा कुठे उभा असेल? त्याच्या आधी आणि नंतर काय घडलं असेल? फोटोखाली काढणाऱ्याचं नाव आहे का?

२. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या बातम्या देणारे स्थानिक अंक आपल्याकडे येतात. आठवडाभराचे अंक जमवून किती फोटोंखाली नाव छापलं आहे आणि किती ठिकाणी नाही, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. गणिताचा तासही होईल.

३. मुलांना मोबाईल द्या, पण अट घाला : दिवसभरात फक्त १२ फोटो, पुसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकच निवडायचा आणि तो का काढला ते पाच ओळींत लिहायचं.

४. शक्य असेल तर सहल काढा. पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरा, तिथून मरीन लाइन्सला येऊन सेंट झेवियर्स बाहेरून पाहा आणि चालत जे. जे. स्कूलपर्यंत जा. मध्य रेल्वेवाल्यांना सीएसएमटीवरूनच सुरुवात करता येईल. समोर टाइम्सची इमारत, थोडं पुढे जे. जे. एका मुलीचं सगळं शिक्षण आणि पहिलं काम एवढ्याशा परिसरात झालं, हे मुलांना पायाखालून कळेल.

५. पालकांसाठी : कोणी रडत असताना, पडल्यावर, भांडणात किंवा आजारपणात त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा का, यावर मुलांशी एकदा बोला. उपदेश करू नका, होमाईंची गोष्ट सांगा आणि त्यांचं मत विचारा.

आणि पुढच्या वेळी स्वातंत्र्याचा पाठ घेताना, फोटोतल्या नेत्यांची नावं विचारून झाली की आणखी एक प्रश्न जरूर विचारा : हा फोटो कोणी काढला? तुमच्या वर्गात काय उत्तरं आली ते आम्हाला नक्की कळवा.